साखरेच्या बरणीवरचा शब्द

नवऱ्याने ती परीक्षा स्वतः कधीच दिली नव्हती, त्यामुळे तिच्याविषयी त्याला कसलीही शंका नव्हती.

परदेशातल्या एका रुग्णालयाने बायकोसाठी नर्सची जागा राखून ठेवली होती. इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याचे गुण दोनदा थोडक्यात हुकले होते. तिसऱ्यांदा हुकले की जागा दुसरीला. तेव्हा गोदामात पर्यवेक्षक असलेल्या नवऱ्याने घर ताब्यात घेतलं आणि वस्तूवस्तूवर एकेक भारदस्त इंग्रजी शब्द चिकटवला. लेबलं गोदामातलीच, निघता निघत नसत. नियम एकच: आधी शब्दाचं वाक्य, मग वस्तू. ‘गुड’, ‘बॅड’, ‘बिग’, ‘व्हेरी’ यांना घरात बंदी.

बाथरूमच्या दारावर ‘एक्झॅसरबेट’ होता, म्हणजे आणखी चिघळवणे.

“मी आधी जाऊन येते रे,” सासूबाई म्हणाल्या, “वाक्य काय, सावकाश करता येईल.”

त्यांना वयोमानानुसार सूट मिळाली. सुनेला कसलीच नव्हती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती दोन पाळ्या ओढून घरी आली. चहा ओतला आणि साखरेच्या बरणीला हात घातला. बरणीवर ‘इनडिस्पेन्सेबल’ होता. खाली नवऱ्याच्या अक्षरात अर्थ: ज्याच्याशिवाय चालत नाही असा. नवऱ्याने झाकणावर हात ठेवला.

“वाक्य?”

“अहो, सकाळपासून उभी आहे मी.”

“तेच इंग्लिशमध्ये सांग. पण ‘टायर्ड’ नको. बालवाडीतला शब्द आहे तो.”

“मला राग येतोय आता.”

“छान. त्यालाही चांगला शब्द आहे, फ्रिजवर बघ.”

तिने फ्रिजकडे बघितलं नाही. चहा बिनसाखरेचा प्यायली आणि कप इतका हळू ठेवला की सासूबाई उठून आतल्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाईंनी विषय दिला: घरात तुम्हाला मदत करणाऱ्या व्यक्तीबद्दल दोन मिनिटं बोला. तिच्या जिभेवर ‘इनडिस्पेन्सेबल’ आला, आणि त्याच्यामागोमाग झाकणावरचा तो हात आला. तिने शब्द गिळला.

“माझा नवरा मला मदत करतो,” ती इंग्रजीत म्हणाली, “आणि तो फार वाईट शिक्षक आहे.”

पुढे सगळे बंदी घातलेले शब्द एकामागून एक बाहेर पडले. साखर, बाथरूम, सासूबाई, उभे राहून सुजलेले पाय. न अडखळता. दोन मिनिटं झाल्यावर बाईंनी नियमाप्रमाणे थांबायला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

“हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंय का?” बाईंनी विचारलं.

“नाही. आमच्या घरी इतके सोपे शब्द चालत नाहीत.”

निकाल लागला. ती पास झाली, बोलण्यात तर सगळ्यात जास्त गुण. नवऱ्याने लागलीच नातेवाइकांना फोन लावले. “पद्धत पाहिजे,” तो प्रत्येकाला सांगत होता. “पोरीला माझ्याकडे पाठव, महिन्यात तयार करतो.”

त्याने फोन ठेवल्यावर ती परीक्षेत काय बोलली ते तिने शब्दशः सांगितलं.

“म्हणजे रागाच्या भरात बोललीस,” तो म्हणाला. “पण राग आणला कोणी? मीच ना?”

ती उठली. साखरेच्या बरणीवरचं लेबल नखाने खरवडायला लागली. चिवट होतं, पण तिला घाई नव्हती. अखंड निघाल्यावर ते तिने नवऱ्याच्या शर्टाच्या खिशावर दाबून बसवलं.

“मी आधी एकटीच जाते,” ती म्हणाली.

“आणि मला कधी बोलावणार?”

“वाक्य करा.”

त्याने मान खाली घालून खिशावरचा शब्द वाचला. तोंड उघडलं. मिटलं.

“होईल सावकाश,” सासूबाई म्हणाल्या. “तोवर ती साखर दे गं इकडे.”