वाढवून सांगितलेलं वय

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे या न्यायालयाचं एकच काम होतं: आरोपीच्या अक्कलदाढांचा एक्स-रे बघून वय सांगायचं. गुन्हा घडला तेव्हा अठरा पुरी नसतील, तर त्या आरोपीवर युद्धगुन्ह्यांचा खटला चालत नसे. त्यामुळे या खुर्चीत बसलं की सगळ्यांचीच वयं उतरायची.

"कालचा तो दाढीवाला म्हणे सोळाचा," एक्स-रे काढणाऱ्या मावशी म्हणाल्या. "उद्या एखाद्याला पाळण्यात घालून आणतील."

बाई हसल्या नाहीत. आताशा हसायचाही कंटाळा येई.

आजची आरोपी मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी हाताखालच्या लहान पोरांना तिने एक गाव जाळायला लावलं, असा आरोप होता.

"वय?"

"बावीस."

मावशींचा हात थांबला. "अगं, कमी सांगायचं असतं!"

"बावीसच लिहा."

बाईंनी फिल्म उजेडावर धरली. अक्कलदाढांची मुळं अर्धीमुर्धीच उतरली होती. उपासमारीने हाडं मागे पडतात, दात त्यामानाने कमी. म्हणून बाईंचा भरवसा दातांवर. तरी नेमका आकडा दातही देत नाहीत. आज सोळा ते एकोणीस. म्हणजे तेव्हा चौदा ते सतरा. कसंही मोजा, अठराच्या आतच.

"सुटलीस गं बाई," मावशींच्या तोंडून निघून गेलं. बाईंनी डोळे वटारले. निकालाबद्दल इथे बोलायला मनाई होती.

मुलीचा चेहरा उतरला. "मावशी, मी त्या पोरांना तेव्हा वीसची आहे म्हणून सांगितलं होतं. म्हणून तर ती माझं ऐकायची. मी पेटवा म्हटलं, त्यांनी पेटवलं. मी लहान निघाले, तर आता त्यांना धरतील ना? त्यांतला धाकटा नऊ वर्षांचा आहे हो."

बाईंनी दाराकडे पाहिलं. पहारेकरी बाहेर होता.

"त्यांनाही नाही धरणार," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या हातात बंदुका ज्यांनी दिल्या, त्यांना धरतील."

"ते सापडले?"

बाई हातमोजे काढत राहिल्या. "अजून नाही."

"मग ज्यांची घरं जळली, त्यांनी जाब कुणाला विचारायचा?"

मावशींनी एप्रनची गाठ उगीचच पुन्हा बांधली. बाईंनी पायाने कळ दाबून खुर्ची खाली घेतली. मुलीचे पाय जमिनीला टेकले, तरी ती उठेना.

"चल बाळा," बाई म्हणाल्या, "बाहेर अजून चार जण थांबलेत."