गच्चीवरचा दुधी

शेवंतीने दुधीच्या देठाकडची चकती कापली, जिभेला लावली आणि तशीच सिंकमध्ये थुंकली. कडूजहर.

मागच्या आठवड्यातला दुधीही याच वेलाचा. तोही कडू आहे, असं तेव्हा तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. कुंडलिकरावांना ते सोसलं नाही. निवृत्त झाल्यापासून त्यांनी टिटवाळ्याच्या या इमारतीची गच्ची ड्रम आणि कुंड्यांनी भरून टाकली होती. शेणखत, गांडूळखत, जीवामृत. औषधाचा एक थेंब नाही. त्यांच्या दुधीत खोट काढणं म्हणजे त्यांच्यातच खोट काढणं. "बाजारातलं विष बरं गोड लागतं तुला," म्हणत त्यांनी त्याच दुधीच्या रसाचा अख्खा पेला तिच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभे राहिले. मग उलट्या, चक्कर, सलाईन. डॉक्टरांना यांनीच सांगितलं, बाहेरची पाणीपुरी खाल्ली.

"अगं, ऐकलंस का?" हॉलमधून हाक आली. "यांना चहा टाक. आणि माझा रस आण."

खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेले हितेश आणि भावना सकाळीच बाग बघायला आले होते. शेवंतीने सुरी ठेवून चहाचं आधण चढवलं. मग तिने तोच दुधी मिक्सरमध्ये फिरवला, रस गाळला, चहाचे कप आणि पेला एकाच ट्रेमध्ये ठेवून बाहेर नेला.

"काकू, आम्हालापण द्या ना थोडा," भावना म्हणाली.

"तुम्ही चहाच घ्या," शेवंती घाईघाईने म्हणाली. "यांच्यापुरताच केलाय."

"काका, थांबा हां, व्हिडिओ काढतो." हितेशने मोबाइल समोर धरला. "सोसायटीच्या ग्रुपवर टाकू."

कुंडलिकरावांनी केसांवरून हात फिरवला, ताठ बसले आणि मोठा घोट घेतला. त्यांचा चेहरा आकसला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत उभी होती, आणि तिने नजर काही खाली घातली नाही.

"कसा लागतो, काका?"

त्यांनी डोळे मिटले आणि पेला संपवला.

"गोड," ते म्हणाले.

शेवंती आत गेली आणि भांड्यात उरलेला रस आणून तिने त्यांच्या पेल्यात ओतला.