कामिनीताईंकडची तिजोरी

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी लोखंडी तिजोरी आहे. तरुणपणी मी कळमन्याच्या बाजारात एका धान्याच्या अडत्याकडे होते. माझ्या पोटात नोटा असायच्या, पण मालकाचा माझ्यावर विश्वास कुठे? येता-जाता दार हलवून बघायचा. पुढे त्याने नवी आणली आणि मला परसात टाकलं. डोक्यावर कोंबड्या बसायच्या हो माझ्या!

तिथून मला कामिनीताई वकिलांनी आणलं, घासूनपुसून बिजागऱ्यांना तेल घातलं. आता आत लोकांची मृत्युपत्रं राहणार, हे कळल्यावर मी जरा रुसलेच. म्हटलं, नुसते कागद!

पारशिवनीचे मधुकरराव आले, तेव्हा माझा रुसवा गेला. त्यांचा थोरला मुलगा वारला होता. त्याची बायको शामला त्यांचं सगळं करायची. संत्र्याचा बगीचा त्यांनी धाकट्या दुर्गेशला लिहिला आणि राहतं घर शामलाला. "घरी ठेवलं तं भांडण होईन मॅडम, तुमच्यापाशीच राहू द्या," म्हणाले. ताईंनी पाकिटाला लाखेची मोहर लावली, मधुकररावांना पावती दिली आणि पाकीट माझ्यात ठेवलं.

पुढे मधुकररावांनी अंथरूण धरलं. एक दिवस दुर्गेश आला. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, कपडे कडक इस्त्रीचे. "बाबानं कागद मांगतला. मले आणाले पाठवलं."

कागद त्याच्या हाती पडला असता, तर शामलाचं घर गेलंच होतं. ताईंनी त्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, "ज्या हातानं दिला, त्याच हातात देईन. उद्या मीच येते."

आणि खरंच पाकीट घेऊन गेल्या. परत आल्यावर टायपिस्ट मिनलला सांगत होत्या, ते मी ऐकलं. मधुकरराव म्हणाले होते, "मी काहून मांगीन? ठेवा तुमच्यापाशीच." दुर्गेश मान खाली घालून उभा होता म्हणे. पाकीट पुन्हा माझ्याकडे आलं.

मधुकरराव गेले. तेरवी झाल्यावर ताईंनी सगळ्यांना बोलावलं. शामला कपड्यांची पिशवी भरूनच आली होती, कारण दुर्गेशनं तिला घर सोडायला सांगितलं होतं. ताईंनी आधी न फुटलेली मोहर सगळ्यांना दाखवली, मग वाचलं. शामलाला रडू आवरेना. ती पिशवी घेऊन ती आपल्याच घरी परत गेली. मला माझ्या ताईंचा फार अभिमान वाटला.

यंदा दसऱ्याला दुर्गेश ताईंना सोनं द्यायला आला. आपट्याच्या पानांबरोबर त्यानं एक बंद पाकीट पुढे केलं.

"मॅडम, हे माह्यं मृत्युपत्र. ठेवा तुमच्यापाशी. अन् माह्यं पोरगं मांगाले आलं, तं त्यालेबी चहा पाजून परत पाठवा."

ताई हसल्या आणि माझं दार उघडलं. मित्रांनो, कुणी विश्वासानं काही ठेवायला दिलं, तर असंच जपा. आणि माझ्यासारख्या म्हातारीच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घाला. अजून पुष्कळ सांभाळायचं आहे मला.