दुसरा कॅमेरा कोणाच्या गळ्यात

एक कॅमेरा विकत घ्यायला माणसाला किती दिवस लागावेत? आर्लिस पोलमनला अख्खा हिवाळा पुरला नाही. आणि तोही पहिला नव्हे, दुसरा. पहिला मिररलेस होता, म्हणजे आत आरसा नसलेला, बिनआवाजाचा; चांगला होता, हाताला बसलेला होता. त्याच्या जोडीला आणखी एक बॉडी, म्हणजे लेन्सविना नुसता कॅमेरा, हवी होती, म्हणजे एकीवर लांब पल्ल्याची लेन्स कायम चढवून ठेवायची आणि दुसरीवर रुंद, की ऐन वेळी लेन्स बदलत बसायला नको. इतकी साधी गोष्ट. पण कार्नी गावच्या फोटो क्लबात साधी गोष्ट साधी राहिली, तर क्लब चालायचा कसा?

क्लब भरायचा ल्युथरन चर्चच्या तळघरात, राजमा-खिम्याची चिली आणि गोड सिनॅमन रोल समोर ठेवून. तिच्या दुसऱ्या बॉडीबद्दल तिथे झाडून सगळ्यांना मत होतं. कोणी म्हणे आहे तीच परत घे, बॅटऱ्या त्याच चालतील आणि अंधारात बटणं चाचपडावी लागणार नाहीत. कोणी म्हणे हलकी घे, आता वय झालं तुझं. आणि गेलन स्ट्रो, क्लबचा अध्यक्ष, ज्याने आयुष्यभर ट्रॅक्टर विकले आणि निवृत्तीनंतर सल्ले फुकट वाटायला काढले, तो तर दर वेळी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसायचा आणि बालवाडीतल्या पोरीला समजवावं तसं समजवायचा. त्याच्या मते नवी, चपळ बॉडी सोडून दुसरं काही घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता.

"मला स्टॅबिलायझरवाली हवीय," आर्लिस चौथ्यांदा की पाचव्यांदा म्हणाली. हात हलला तरी कॅमेरा आतल्या आत चित्र सावरून धरतो, ती सोय. ती असलेली बॉडी जड होती, जुनी होती आणि गेलनच्या चपळ बॉडीपुढे अगदीच गोगलगाय होती.

"अगं, रुंद लेन्सला स्टॅबिलायझर लागतो कशाला?" गेलनने हात पसरले. "उडते क्रौंच टिपायचेत ना तुला? मग वेग घे, वेग. तुझा हात तर दगडासारखा स्थिर आहे. टकल्याने कंगवा घ्यावा तसं चाललंय तुझं. काय रे डेलमर, तू न्हावी, तूच सांग हिला."

सगळे हसले. डेलमर, तिचा नवरा, तोही हसला. तो तिच्या शेजारीच बसून डाव्या हाताने रोल चिलीत बुडवत होता. उजवा हात टेबलाखाली, मांडीवर होता, आणि तो तिथे का होता हे त्या तळघरात दोघांनाच माहीत होतं. आर्लिसला वाटलं, वाटीभर चिली उचलावी आणि गेलनच्या डोक्यावर ओतावी. पण बोलणार काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

डेलमर पोलमनचं मेन स्ट्रीटवर दुकान होतं. अर्ध्या गावाच्या मानेवरून त्याचा वस्तरा फिरला होता आणि कोणाला कधी ओरखडा म्हणून आला नव्हता. पक्ष्यांच्या फोटोंचं वेड आर्लिसचं. त्याला क्रौंच आणि बगळा यांतला फरकसुद्धा धड सांगता यायचा नाही. पण दर मार्चमध्ये, प्लॅट नदीच्या उथळ पाण्यात लाखो क्रौंच उतरले की तो दुकान बंद करून तिच्याबरोबर लपणगृहात यायचा. लपणगृह म्हणजे नदीकाठची फळ्यांची लांबट खोली. उजाडायच्या आत जाऊन बसायचं, चौकोनी झरोक्यातून बघायचं, दिवा नाही, बोलणं नाही, खोकला आला तर बाहीत. एकाने आवाज केला की नदीतला सगळा थवा उडतो आणि मग वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

त्या अंधारात दोघांचं एक तंत्र बसलं होतं. आर्लिस झरोक्यावरून डोळा न काढता कॅमेरा मागे धरायची. डेलमर लांब लेन्स उतरवायचा, रुंद चढवायचा, लेन्सवरच्या ठिपक्याला कॅमेऱ्यावरचा ठिपका बोटानेच चाचपून जुळवायचा, हलकेच फिरवायचा. कट् म्हणून बसली की कॅमेरा तिच्या तळहातावर ठेवून कानाशी कुजबुजायचा, "पुढचं गिऱ्हाईक." दर वेळी तेच. अकरा वर्षांत तो विनोद शिळा झाला नव्हता, कारण तो विनोद राहिलाच नव्हता. दुसरी बॉडी घे म्हणून लोक तेव्हाही सांगायचे. ती म्हणायची, माझ्याकडे आहे की माणूस.

मग मागच्या पानगळीत तळ्यावर लेन्स त्याच्या हातून सुटली आणि चिखलात पडली. थंडीने बोटं बधिरली असतील, तो म्हणाला. दुकान त्याआधीच बंद केलं होतं, गुडघे दुखतात असं सांगून. ग्रँड आयलंड गावच्या डॉक्टरने शेवटी उजव्या हाताच्या थरथरीला तिचं नाव दिलं. दोघं घरी आले, सूप प्यायले आणि त्या नावाबद्दल पुन्हा बोलले नाहीत. डेलमर फक्त एवढंच म्हणाला की यंदा मार्चआधी दुसरी बॉडी घेऊन टाक.

घेऊन टाक म्हणे! दुसरी बॉडी आली की लेन्स बदलणं संपलं. लेन्स बदलणं संपलं की डेलमरने लपणगृहात यायचं कशाला? तो घरी खिडकीशी बसणार आणि ही एकटी जाणार. आर्लिस सगळा हिवाळा घोळ घालत राहिली ती बॉड्यांमधला फरक कळत नव्हता म्हणून नव्हे. तिला फरक चांगला कळत होता.

शेवटी फेब्रुवारीत तिला तोड सुचली. दुसरी बॉडी घ्यायची, तिच्यावर रुंद लेन्स लावायची आणि ती डेलमरच्याच गळ्यात घालायची. म्हणून तर क्लबात तिने स्टॅबिलायझरचा हट्ट धरला होता. ही युक्ती तिला इतकी आवडली की ओमाहा शहरातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात जाईपर्यंत ती गाडीत गुणगुणत होती.

दुकानातला विक्रेताही गेलनचाच भाऊ शोभावा असा. चपळ बॉडीचं गुणगान संपेना. डेलमर पलीकडे कॅमेऱ्याचे पट्टे बघत होता, ते पाहून आर्लिसने जड बॉडी उचलली, डोळ्याला लावली आणि मनगट मुद्दाम थरथरवलं. हळू, मग जोरात, मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी, अगदी डेलमरची थरथरायची तशी. पडद्यावरचं चित्र पाण्यावर तरंगल्यासारखं हललं खरं, पण तुटलं नाही. विक्रेत्याने विचारलं, बाई, बरं वाटत नाहीये का? तिने सांगितलं, छान वाटतंय, हीच द्या.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना लपणगृहात जागा मिळाली. गेलनही होता, त्याच्या तोफेसारख्या लेन्ससकट. आत शिरण्यापूर्वी गाडीपाशीच आर्लिसने नवा कॅमेरा डेलमरच्या गळ्यात घातला. "हा तुझा," ती म्हणाली. "मी जवळचं टिपते, तू आख्खं आभाळ घे. बटण दाबायचं, बाकी सगळं तो करतो." डेलमरने मान खाली घालून कॅमेऱ्याकडे पाहिलं. तिला तो आनंद वाटला.

पहाट झाली. नदीभर करड्या पाठी दिसू लागल्या आणि तो आवाज वाढत गेला, हजारो घशांतून एकदम येणारा. मग पलीकडच्या झाडावरून गरुड निघाला आणि सगळी नदी उठली. आर्लिसने कॅमेरा खाली केलाच नाही. लांब लेन्समधून तिला पंख, चोची, लोंबते पाय, सगळं मिळालं. पहिल्यांदाच तिला लेन्सची काळजी नव्हती, कारण आभाळ डेलमरकडे होतं. मिररलेसचा आवाज येत नाही, त्यामुळे शेजारी तो टिपतोय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. ती धरूनच चालली होती.

थवा शेतांकडे गेला. माणसं थर्मास उघडू लागली. आर्लिसने उत्साहाने त्याचा कॅमेरा घेतला, पडदा लावला. एकही फोटो नव्हता.

ती तडक गाडीपर्यंत गेली. दार लावल्यावर तिचा बांध फुटला. सगळा हिवाळा मी गेलनचं ऐकून घेतलं, तो विक्रेता मला खुळी समजला, कोणासाठी? एक बटण दाबायचं होतं तुला, एक! तेवढंही मनावर घेतलं नाहीस. आपणच मांडव घालायचा आणि नवरदेवानेच पाठ फिरवायची! असं बरंच काही ती बोलली, आणि बोलताना आपण रडतोय याचाही तिला राग आला.

डेलमरने तिचं संपू दिलं.

"पट्ट्याची कडी झरोक्याच्या फळीवर वाजत होती," तो म्हणाला. "कॅमेरा उचलला की टकटक, टकटक. सगळ्यांचे पक्षी उडाले असते. मग मी तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी दाबून बसलो."

"मला खुणावायचंस."

"तू टिपत होतीस." त्याने समोरची काच बाहीने पुसली. "आर्लिस, त्या दुकानात आरसा होता, पट्ट्यांच्या मागे. मी पाहिलं तुला. माझा हात करून दाखवत होतीस त्या पोराला."

आर्लिसला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला गाडीसकट पोटात घ्यावं.

"हुबेहूब करतेस," तो म्हणाला. "मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण ते जाऊ दे. मला कॅमेरा नको होता गं. मला तुझे पक्षी कधी आवडलेच नाहीत. मला तुझ्या हातात लेन्स द्यायला आवडायचं."

"मग दुसरी बॉडी घे म्हणून मागे कशाला लागला होतास?"

"तू नको म्हणावंस म्हणून."

हिवाळाभर दोघं एकमेकांना सांभाळत बसले होते, आणि सांभाळता सांभाळता दोघांनी एकमेकांना पुरतं ओरबाडलं होतं. आर्लिसला स्वतःचा राग आला, त्याचाही आला, आणि सगळ्यात जास्त आला तो मागच्या सीटवर पडलेल्या त्या जड, शहाण्या बॉडीचा.

चार दिवसांनी कोणीतरी जागा सोडली आणि त्यांना पुन्हा एक पहाट मिळाली. निघताना आर्लिसने एकच कॅमेरा घेतला, त्यावर लांब लेन्स. रुंद लेन्स डेलमरच्या कोटाच्या खिशात गेली. गेलन दारात भेटला. दुसरी बॉडी कुठंय, त्याने विचारलं. घरी, ती म्हणाली. गेलनने कपाळावर हात मारला, आणि लपणगृहाच्या नियमामुळे पुढचं व्याख्यान त्याला गिळावं लागलं.

उजाडलं. त्या दिवशी गरुड नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला पक्ष्यांची एक फळी उठली, मग दुसरी, थवा थराथराने उठत त्यांच्याच दिशेने येऊ लागला. असं आभाळ आर्लिसने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. लांब लेन्समध्ये ते मावणारच नव्हतं. तिने डोळा झरोक्यावर ठेवूनच कॅमेरा मागे धरला.

लांब लेन्स निघाली. मग काहीच नाही. धातूवर धातू घासल्याचा बारीक आवाज, पुन्हा घासल्याचा, मग श्वास रोखल्याचा. ठिपक्याला ठिपका जुळत नव्हता. डोक्यावरून पहिला थर गेला. आर्लिसच्या बोटांना इतकी घाई झाली की तिने ती स्वतःच्या काखेत दाबून धरली. शेजारी गेलनचा कॅमेरा पक्ष्यांबरोबर वळत होता. दुसरा थर गेला, तिसरा गेला, आवाज शेतांच्या बाजूला पातळ होत गेला. तिला ओरडावंसं वाटत होतं, दे इकडे, मी लावते. ती ओरडली नाही.

कट् झालं.

तळहातावर कॅमेरा आला, त्याच्या हाताच्या थरथरीसकट. कानाशी कुजबुज आली, "पुढचं गिऱ्हाईक."

नदीत एकही पक्षी उरला नव्हता. आर्लिसने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि बटण दाबलं.