डाव्या बाजूचं माप

मी माप घ्यायचा टेप बोलतोय. कारखान्यात माझ्यासारखे हजारो एका रांगेत कापले गेले. माझं नशीब बरं, म्हणून एका शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या गळ्यात पडलो. बारा वर्षं झाली. माझे पहिले तीन आकडे आता पुसून गेलेत.

माणसं माझ्यापुढे काय काय करतात म्हणून सांगू! पोट आत घेतात, श्वास रोखतात. मी कधी अवाक्षर काढत नाही. ताईही काढत नसत.

एके दिवशी शाळेतल्या मास्तरीणबाई मोहरी रंगाचं कापड घेऊन आल्या. दाराची कडी लावायला सांगून पडद्याआड उभ्या राहिल्या. आजारपणात त्यांची डावी छाती काढावी लागली होती.

"घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही हो. दोन्ही बाजू सारख्या दिसतील असा कोट शिवाल?"

"अगदी निश्चिंत राहा," ताई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला फार हळुवार फिरवलं.

आणि त्याच दुपारी त्या मैत्रिणींकडे चहाला गेल्या. मला गळ्यातून काढायलाही विसरल्या.

"नाव नाही हं सांगणार, पण आज असं काम आलंय! मोहरी रंगाचा कोट, डावीकडे आतून कापूस भरायचा. बिचारी!"

नाव घेतलं नाही, म्हणजे गुपित राखलं असं ताईंना वाटलं. राखलं कसलं डोंबलाचं! मास्तरीणबाई ते कापड घेत होत्या, तेव्हा त्यातलीच एक मैत्रीण कापडाच्या दुकानात शेजारी उभी होती.

आठवड्याभरात मास्तरीणबाई पुन्हा आल्या. ओरडल्या नाहीत. ते मला जास्त लागलं.

"ताई, माप तुम्ही घेतलं होतंत. आता सगळी शाळा माझ्याकडे बघून माप घेते."

"मी नाव नव्हतं हो घेतलं..."

"नावाची गरजच कुठे पडली?"

कापड तिथेच टाकून त्या निघून गेल्या. ताई मला मुठीत घट्ट धरून कितीतरी वेळ रडल्या. दोनदा त्यांच्या घरीही जाऊन आल्या, पण दार उघडलं नाही.

कोट मात्र ताईंनी पुरा केला, डावी बाजू तर तीनदा उसवून शिवली. खुंटीवर तो अजून वाट बघतोय. मी आता जीर्ण झालोय, आज ना उद्या तुटेन. जाण्याआधी एवढंच मागणं आहे: कुणी विश्वासानं तुमच्यापुढे उभं राहिलं, तर त्याचं गुपित चहाच्या कपापर्यंत नेऊ नका.

कालच ती मैत्रीण आमच्याकडे आली. "अगंबाई, हा मास्तरीणबाईंचाच कोट ना गं? सांग ना!"

ताईंनी मला गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "गिऱ्हाइकाचा."