कठडा

धबधब्याच्या माथ्यावर आमचं छोटं लॉज आहे. दर दोन-तीन वर्षांनी कड्याचा एखादा तुकडा तुटून खाली जातो आणि सासरे कठडा आत सरकवतात. मी लग्न होऊन आले तेव्हा कठडा बागेपलीकडे होता. आता बाग उरली नाही आणि कठडा स्वयंपाकघराच्या खिडकीला येऊन टेकलाय.

"कातळ आहे हा," सासरे पाय आपटून सांगतात. "पिढ्या जातील, याला काही व्हायचं नाही."

अहो, कातळ फक्त वर आहे! खालचा दगड मऊ. पाणी तो पोखरतं, मग वरचा कातळ अधांतरी राहतो आणि कोसळतो. नवऱ्याला हे सांगून सांगून माझा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी.

या उन्हाळ्यात धार बारीक झाली, तशी मी खाली उतरून धारेमागच्या कपारीत शिरले. वाटलं, लगेच भिंत लागेल. कपार आत आत जातच राहिली. टॉर्च लावून छताकडे बघत होते, तेवढ्यात भेगेतून गालावर पाणी ठिबकलं. कोमट होतं. त्याला भांड्यांच्या साबणाचा वास होता.

धापा टाकत वर आले. सासूबाई सिंकपाशी भांडी घासत होत्या.

"आई, तुमच्या पायाखाली काही नाहीये! सिंकचं पाणी खाली माझ्या अंगावर पडलं. सामान बांधा, आजच निघू."

त्यांचे हात थांबले. सासऱ्यांनी मात्र शांतपणे चहा संपवला आणि नवऱ्याला मोजायची टेप आणायला सांगितली.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "सिंक आत सरकवू."