आंघोळ घातलेला दगड

मी एक जुना ग्राइंडर आहे. इडलीचं पीठ वाटणारा नव्हे, मित्रांनो. म्हैसुरात नाव ऐकताच सगळे तेच समजतात. मी टेबलाला जखडलेला, दोन टोकांना दोन खरखरीत दगड फिरवत शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावणारा. आता थकलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

मला आपल्या धार लावायच्या दुकानात आणलं नर्मदाबाईंनी. तरुणपणी मी इतका न थरथरता फिरायचो की गल्लीतले शिंपी माझ्या धारेचं तोंडभरून कौतुक करायचे. नर्मदाबाईंची तर माझ्यावर माया. तीच माया अंगाशी आली. दर खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, त्या मला तांब्याने आंघोळ घालायच्या. घरच्या ग्राइंडरचा दगड धुतात, मग दुकानातला का नको? पाणी दगडात मुरायचं, खालच्या अंगाला साचायचं. पुन्हा फिरलो की एक बाजू जड. मी थरथरू लागलो आणि थरथरत झिजल्याने दगडांची गोलाईच गेली. नवे दगड बसले तरी पुढच्या पूजेला पुन्हा तेच.

माझी थरथर कात्रीतून त्यांच्या हातात शिरायची. हळूहळू नर्मदाबाईंच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. कात्री हातातून निसटायची.

"अय्यो, वय झालं की रे दोघांचं," म्हणत त्या मलाच थोपटायच्या.

त्यांचे हात गेले तर त्या करणार काय? मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कसं?

एकदा त्यांची भाची सहना आली. ती मुलांना यंत्रकाम शिकवते. मला चालू करताच तिने लगेच बंद केलं.

"आत्या, हे स्टोन वॉश केलं काय तुम्ही?"

"पूजेला, बाळा. देवाला न्हाऊ घालत नाहीत काय?"

"अय्यो आत्या, हे पाणी पितंय की!"

तिने नवे दगड आणले. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकून प्रत्येकाचा आवाज ऐकला. तडा गेलेला दगड बद्द वाजतो. दगडाच्या दोन्ही अंगांना दाब सारखा बसावा म्हणून चिकटवलेले जाड कागद न फाडता नट बेताने आवळला. दगड फुटलाच तर अंगावर येऊ नये म्हणून बाजूला उभं राहून मला नुसतंच फिरू दिलं. मग हिऱ्याच्या टोकाची कांडी दगडावरून सावकाश फिरवून उंचवटे काढले. किती वर्षांनी मी शांत फिरलो!

नर्मदाबाईंनी माझ्यावर तळहात ठेवला. "थांबलं रे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, यंत्र थरथरू लागलं तर वयावर ढकलू नका. त्याच दिवशी उघडून बघा. मी नव्या दगडांनी सुधारलो. पण माझ्यावर ठेवलेला त्यांचा हात अजून थरथरत होता.